समैस्म्याच्या किनाऱ्यावर जावई पाहायला

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय काय पाहिलंत? मी कतारला एक मुलगा पाहायला गेलो होतो. बाकीचं जे दिसलं ते त्याच्या आजूबाजूला होतं म्हणून दिसलं.

मी रत्नागिरीच्या जकात नाक्यावर कारकून आहे. टोपलीवरचं फडकं उचलून खाली काय दडवलंय ते पाहणं हे माझं काम, आणि अर्धं आयुष्य तेच केल्यामुळे ते आता अंगात भिनलं आहे. माझी एकुलती एक मुलगी हलिमा. तिला सांगून आलेली दोन स्थळं मी परत पाठवली. एक मुलगा फार गोड बोलत होता आणि दुसरा अजिबात बोलत नव्हता. दोन्ही वेळा मला कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटलं. दुसऱ्या खेपेला बायको माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

तिसरं स्थळ खाडीपलीकडच्या युसूफचं. घराणं माहितीतलं, मुलगा आठ वर्षं कतारात. दोह्याच्या उत्तरेला समैस्मा म्हणून गाव आहे, तिथं एका अरब व्यापाऱ्यानं समुद्रावर मौजेसाठी बंगला बांधला आहे आणि त्याची सगळी व्यवस्था युसूफ पाहतो, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. समुद्र, बंगला, होडी आणि आखात हे चार शब्द आमच्या किनाऱ्यावर एकत्र आले की ऐकणाऱ्याला पाचवा शब्द सांगावा लागत नाही. तो शब्द म्हणजे सोनं. त्या वर्षांत आमच्या बाजूला अंधारात माल उतरायचा आणि दिवसा नवी कौलं चढायची. कोणाची कौलं कशातून चढली हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

या वेळी मात्र हलिमाच मध्ये पडली. म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतः जाऊन बघून या. पण नुसता संशय घेऊन परत येऊ नका. जे जे दिसेल ते सगळं मला सांगा. मग मी काय ते ठरवीन." माझा मेहुणा कासम दोह्यात एका पेढीवर कारकून आहे. त्याच्या शेटनं माझे कागदपत्र करून दिले आणि साठ सालानंतरच्या एका मार्च महिन्यात मी मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत चढलो. डेकवरच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नव्हतं. सांडगे आणि चटणी खाऊन दिवस काढले.

दोहा

दोह्याला बोट किनाऱ्याला लागत नाही. समुद्र उथळ, म्हणून लांबच नांगर टाकतात आणि माणसांना लाँचमधून नेतात. लाँचवाल्यानं पैसे मोडून दिले ते पाहून मी त्याचा हात धरला. नोट रुपयाची, छापलेली आपल्याच सरकारची, पण रंग भलताच. मी ती उन्हात धरली, चुरगाळून पाहिली, कडा तपासल्या. मागची माणसं ओरडायला लागली. शेवटी कासमनं येऊन समजावलं, की आखातात चालायला म्हणून हिंदुस्थान सरकार वेगळ्या रंगाच्या नोटा काढतं. कारण विचारलं तर म्हणाला, सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे. पाय जमिनीला लागायच्या आत तो शब्द कानावर पडला होता, याची मी मनात नोंद केली.

कासम आणि आणखी काही कोकणी मंडळी बाजारामागं एका माडीवर राहतात. खाली मसाल्याचं दुकान, वर खोल्या, गच्चीवर खाटा. राजापूरचा एक सुतार, मुरुडचे दोघं भाऊ, एक दापोलीचा. कुणीतरी हमूर मासा आणला होता. मी नेलेली आमसुलं पाहून सगळ्यांचे चेहरे उजळले आणि त्या दुपारी आमच्याकडची आमटी झाली. मासा चांगला, पण त्याला आपल्या सुरमईची धार नाही. कतारात गोडं पाणी टँकरनं येतं आणि मोजून वापरतात, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणीही कोणी फेकत नाही. हे मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी कासमनं मला त्याच्या शेटच्या बैठकीत नेलं. उंच छताची खोली, भिंतीला लागून गाद्या, मधोमध कॉफीची लांब चोचीची किटली घेतलेला माणूस उभा. त्यानं बोटभर पेल्यात कडू, वेलदोड्याची कॉफी दिली. मी प्यालो. त्यानं पुन्हा भरली. पुन्हा प्यालो, पुन्हा भरली. पाहुण्याला इतकं आग्रहानं पाजायचं कारण काय, काय कबूल करून घ्यायचं आहे याला, असं मनात येऊन मी एकेक घोट तोंडात घोळवून पाहू लागलो. छाती धडधडायला लागली तेव्हा कासमनं कानात सांगितलं, "भावजी, पेला जरा हालवा. हालवला नाय तर तो संद्याकाळपावत ओतीत बसेल." मी पेला हलवला आणि तो माणूस पुढं गेला.

पण मला खटकली ती दुसरीच गोष्ट. तासभर बसलो तरी शेटनं मी कोण, कुठला, कशासाठी आलो, यातलं काही विचारलं नाही. वाट कशी होती आणि तब्येत कशी आहे, एवढंच. आमच्या कोकणात ओटीवर टेकायच्या आत माणसाला गाव, मोहल्ला, आजोबांचं नाव आणि येण्याचं कारण सांगावं लागतं. एवढ्या श्रीमंत माणसाला अनोळखी पाहुण्याबद्दल काहीच जाणून घ्यायचं नसावं, हे काही मला बरं लक्षण वाटलं नाही.

समैस्मा

शेटच्याच मालाच्या ट्रकमध्ये बसून मी समैस्म्याला गेलो. रस्ता म्हणजे आधीच्या गाड्यांच्या चाकांचे माग. दोन्ही बाजूंना पिवळं, सपाट, झाडाविना रान. एक उंट रस्त्यात आडवा बसला होता, त्याला उठवण्यात बराच वेळ गेला. मग अचानक पाणी दिसलं, आणि ते खरोखर पाहण्यासारखं होतं. आमचा समुद्र राखाडी, उसळता, सदैव भांडायच्या तयारीत. हा मात्र हिरवट निळा, ताटातल्या पाण्यासारखा निपचित, आणि तळाची वाळू वरून दिसणारी.

गाव लहानसं. चुन्याची बुटकी घरं, एक मशीद, ओढून ठेवलेल्या होड्या. गावापासून थोडं दूर तो बंगला. पांढरा, हिरव्या झडपांचा, पुढं लाकडी धक्का, वाळूत रंगीत छत्र्या आणि कापडाच्या खुर्च्या, मागं धडधडणारं वीज करायचं यंत्र. आत बर्फाचं कपाट, गार हवा फेकणारी पेटी, ग्रामोफोन. शुक्रवारी इथं दोह्याचे व्यापारी येतात, बैरुतचे पाहुणे येतात, तेल कंपनीचे साहेब आपल्या मडमा घेऊन येतात. कंपनीचा स्वतःचा खास किनारा पश्चिमेला आहे, पण तिथं फक्त साहेब, म्हणून अरब व्यापाऱ्यांनी आपली सोय इकडं केली. मडमा आखूड कपड्यांत उन्हात पडून राहतात. आमच्याकडं उन्हातून सावलीत यायला धडपडतात, इथं सावली सोडून उन्हात पडायला लोक मोटारी करून येतात. समुद्रावर काम नसताना जायचं, हेच मला मुळात पटत नव्हतं.

युसूफ ट्रकपाशी उभा होता. सडपातळ, उन्हानं काळवंडलेला, नीट दाढी केलेला. "सलाम चाचा," म्हणाला, माझी पिशवी घेतली आणि मला सावलीत बसवलं. मग घरचं, प्रवासाचं बोलला आणि थांबला. मी मुलगी देण्यासाठी आलो होतो हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, ट्रक चालवणाऱ्यालाही माहीत होतं. पण त्यानं हलिमाचं नाव काढलं नाही. देणंघेणं, दागिने, लग्न कुठं, कधी, एक अक्षर नाही.

मी तिथं राहिलो आणि नजर ठेवली. त्याचं काम मी बारकाईनं पाहिलं. पहाटे यंत्राला तेल, मग मासळी घ्यायला कोळ्यांकडं, मग चार नोकरांना हाताखाली घेऊन भात आणि मटणाचं मोठं भांडं चढवायचं. मचबूस म्हणतात त्याला. आपल्या बिर्याणीचा धाकटा भाऊ, फक्त त्यात वाळलेली लिंबं घालतात. साहेब आले की इंग्रजी, अरब आले की अरबी, माझ्याशी कोकणी. मी त्याच्या खोलीत डोकावलो. एक ट्रंक, एक चटई, खिळ्यावर सदरे. होडीत वाकून पाहिलं. जाळी आणि दोर. तो धक्क्यावर नसताना मी तिथल्या फळ्यासुद्धा पायानं ठोकून पाहिल्या, की खाली पोकळी आहे का. मिळालं काहीच नाही. काहीच न मिळणं ही मला अजिबात समाधानाची गोष्ट वाटत नाही. नाक्यावर ज्याच्या टोपलीत काहीच सापडत नाही त्याच्याकडं मी जास्त वेळ पाहतो.

आणि एक गोष्ट होती. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, "चाचा, गावात कुठंय फिरा, पण असरची नमाज झाली का त्या खजुरांच्या बाजूला जावचा नाय." बंगल्यापासून उत्तरेला खजुरीची दाट राई होती आणि तिच्यामागं किनारा आत वळत होता. आत वळलेला किनारा कशासाठी बरा असतो हे आम्हा रत्नागिरीकरांना शिकवावं लागत नाही. रोज असर होऊन दुपार कलली की गावातली पुरुषमाणसं त्या बाजूनं परत येताना दिसत आणि एक म्हातारा काठी घेऊन राईच्या तोंडाशी बसे.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर युसूफ माझ्यासमोर बसला. घसा खाकरला. मी सरसावून बसलो, म्हटलं आता येतो मुद्द्यावर.

"चाचा, राग मानू नका. हलिमाला पवाला येता काय?"

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. पोहता येतं का? तिला शिवण येतं, ती सातवी पास आहे, कुराण वाचते, सांदण तिच्यासारखं मोहल्ल्यात कोणी करत नाही. यातलं त्यानं काही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं त्या मडमा आल्या. याला बायको छत्रीखाली मांडून ठेवायला हवी आहे, शुक्रवारच्या पाहुण्यांच्या देखत पाण्यात उतरवायला हवी आहे. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "आमच्या घरातल्या बायका पाण्यात उतरत नाहीत."

तो "बरं" म्हणाला. वाद घातला नाही की खुलासा केला नाही. कपबशा उचलून आत गेला. त्याचा चेहरा पडला होता, आणि तोही मला संशयास्पदच वाटला.

खजुरांपलीकडं

त्या दिवशी असरनंतर मी निघालो. सरकारी माणूस मी, वाट कशी चुकवायची हे मला कळतं. म्हातारा ज्या बाजूला बसला होता ती सोडून वाळूच्या उंचवट्यामागून राईत शिरलो. हलिमाला सगळं सांगायचं कबूल केलं होतं, मग हे न पाहता परत जाणं बरोबर नव्हतं. थोडं पुढं गेलो तर आवाज आले. पाण्यात काहीतरी पडल्याचे, मग बोलण्याचे. मी फांदी बाजूला करायला हात घातला आणि त्याच वेळी मला हसू ऐकू आलं. पुष्कळ बायकांचं, मोकळ्या गळ्याचं हसू. माझा हात तसाच राहिला.

मागून काठी खांद्यावर बसली. फार जोरात नाही.

"उधर जनाना है," म्हातारा म्हणाला. "तुम बुढ्ढा आदमी, उधर क्या मांगता?"

मी सोनं शोधतोय असं सांगितलं असतं तर ते आणखी वाईट झालं असतं. त्यानं माझं मनगट धरून मला राईबाहेर आणलं आणि आपल्या चटईवर बसवलं. मी पळून जाऊ नये म्हणून की काय, मनगट बराच वेळ सोडलं नाही.

त्याला लोक बू सालेम म्हणत. तरुणपणी तो मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा आणि मोती विकायला मालकाबरोबर मुंबईला जायचा, तिथं तो हिंदी शिकला. मी कोण हे त्याला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. त्यानं किटलीतली कॉफी ओतली आणि बोलायला लागला. त्याच्या काळी हा किनारा मौजेचा नव्हता. उन्हाळा लागला की गावातले सगळे पुरुष होड्यांतून मोत्यांच्या जागी जायचे आणि महिनोन् महिने परतायचे नाहीत. काही परतायचेच नाहीत. मोसम संपत आला की बायका इथं, याच वळणावर यायच्या, पेटलेल्या खजुरीच्या फांद्या पाण्यात बुडवायच्या आणि समुद्राला चटके द्यायच्या, की पुरे झालं, आता आमची माणसं परत दे. त्याच्या आईनं दिले होते, बायकोनं दिले होते. मग स्वस्त, कृत्रिम जपानी मोती आला, धंदा बसला, लोक उपाशी राहिले, गाव अर्धं रिकामं झालं. मग तेल निघालं. आता पुरुष पगारावर जातात आणि संध्याकाळी घरी येतात. समुद्राकडं मागायचं काही उरलं नाही, तेव्हा बायका त्यात उतरायला लागल्या. अंगभर कपड्यांत, सगळ्या मिळून. बंगल्याच्या मालकाच्या घरच्या, कोळ्यांच्या, शाळेतल्या पॅलेस्टिनी मास्तरची बायको, सगळ्या. गावातल्या बायकांची उठबस, लग्नं जुळणं, भांडणं मिटणं, सगळं त्या पाण्यात होतं, असं तो म्हणाला. त्यात नसलेली बाई गावात नसल्यासारखी.

मग त्यानं युसूफच्या वहिनीची गोष्ट सांगितली. युसूफचा थोरला भाऊ आधी या बंगल्यावर होता. त्यानं बायकोला आणलं. तिला पाण्याची भीती. रोज संध्याकाळी ती काठावर एकटी बसायची, बाकीच्या पाण्यात. भाषा येत नव्हती, बायकांबरोबर पाण्यात उतरून ती आली असती, काठावर कुठून येणार? काही महिन्यांत ती वाळली, बोलायची बंद झाली. शेवटी नवरा तिला घेऊन कायमचा परत गेला. त्याच्या जागी युसूफ आहे.

"लडका अच्छा है," बू सालेम म्हणाला. "डरता है, बस."

मी विचारलं, मग त्यानं तीन दिवस तोंड का उघडलं नाही? म्हाताऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी नाक्यावर पावती न घेणाऱ्याकडं पाहतो. पाहुण्याला तीन दिवस येण्याचं कारण विचारायचं नाही, ही इथली रीत. आठ वर्षं या गावात राहिलेला मुलगा ती मोडेल कसा?

मला वाईट वाटत होतं, आणि ते स्वतःबद्दल कमी नि हलिमाबद्दल जास्त. इतक्या लांब येऊन मला एक चांगला मुलगा सापडला होता, आणि माझ्या मुलीला पोहता येत नव्हतं.

परत

निघताना मी युसूफला म्हटलं, घरी बोलून कळवतो. तो म्हणाला, "चाचा, हलिमात काय कमी हाय म्हणून नाय. पन भाबीचा झाला तसा परत नको व्हयाला." मग त्यानं खजुराचा एक डबा दिला, घट्ट बांधलेला. डबा जड होता. सगळं कळल्यावरही हा माणूस सुधारला नाही, असं तुम्ही म्हणाल, पण सवय एका संध्याकाळी जात नाही. बोटीवर मी एकेक खजूर दाबून, उकलून, बी काढून पाहिला. सगळे खजूरच होते. मुंबईला कस्टमवाल्यानं डबा उघडला, प्रत्येक खजूर चिरलेला पाहिला आणि मला बाजूला घेतलं. दुपारपर्यंत बसवलं. एवढी मेहनत खजुरांवर कोणी कशासाठी करील, याचं त्याला पटणारं कारण माझ्याकडं नव्हतं.

घरी पोचलो त्या दिवशी बायकोनं तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. जेवताना मी हलिमाला सगळं सांगितलं, कबूल केल्याप्रमाणे, राईतल्या काठीसकट. शेवटी मी म्हटलं, मुलगा चांगला आहे, पण काय करणार, त्याला पोहणारी हवी.

"तुम्ही त्याला काय सांगितलंत?" तिनं विचारलं.

"सांगितलं, आमच्या घरातल्या बायका पाण्यात उतरत नाहीत."

हलिमानं आईकडं पाहिलं. आईनं ताटातला भात कालवायला घेतला.

"बाबा, मला येता पवाला," हलिमा म्हणाली.

मी विचारलं, कधी शिकलीस? म्हणाली, लहानपणीच. कोणी शिकवलं? आईनं. मी विचारलं, कुठं? तर तिनं माझ्या ताटाकडं बोट केलं. त्या शिंपल्या खाडीच्या मधल्या पुळणीवर मिळतात. ओहोटीला चालत जाता येतं, पण भरती चढली की परत कसं यायचं? मी नाक्यावर असताना मायलेकी जात होत्या आणि टोपली डोक्यावर धरून पोहत परत येत होत्या. जगाच्या टोपल्या उघडून पाहणाऱ्या माणसानं आपल्या ताटातल्या तिसऱ्या कुठून येतात, हे कधी विचारलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी बायकोला म्हटलं, आणखी थोड्या वाढ.

"मग तुझं काय?" मी तिला विचारलं.

"कळवा त्याला," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

पत्राला फार दिवस लागले असते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तार ऑफिसात गेलो. कासमच्या पत्त्यावर इंग्रजीत मजकूर लिहिला, युसूफला सांगा, हलिमाला चांगलं पोहता येतं. तारमास्तर ओळखीचे. त्यांनी कागद वाचला, कतारचा पत्ता वाचला, पुन्हा मजकूर वाचला. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला चांगली ठाऊक होती, नाक्यावर मी रोज तीच वापरतो.

"नाकेवाले, तुम्हीसुद्धा?" ते हळू आवाजात म्हणाले. "ही हलिमा म्हणजे होडी का?"

"माझी मुलगी आहे."

"आणि पोहून जायची आहे कुठं?"

"कतारला," मी म्हटलं.